आज दुपारी ताटात काय होतं? (पावसाळा विशेष)

७.०४ची फास्ट | १ जून २०२५, दुपारी ३.१०

मागचा जेवणाचा धागा प्रतिसादांच्या ओझ्याने उघडायलाच पाच मिनिटं घ्यायला लागला, म्हणून पावसाळ्यापुरता हा नवा. नियम जुनेच. दुपारी जे खरंच खाल्लं तेच लिहायचं. डब्यातलं गारढोण असलं तरी चालेल. ताटात मोसमातलं काही असेल तर मात्र जरा सविस्तर, नुसतं "मस्त होतं" चालणार नाही.

माझ्यापासून सुरुवात. आज रविवार, बेत शेवळांचा, म्हणजे पहिल्या पावसात उगवणाऱ्या रानभाजीचा. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन ठेपला, त्यामुळे स्टेशनबाहेर बसणाऱ्या मावशीही लवकर उगवल्या. प्लास्टिकच्या कागदावर शेवळांचे वाटे, बाजूला शेवळांत घालायच्या हिरव्या आंबट रानफळांचा, काकडांचा ढीग. मी दोन वाटे घेतले. मावशींनी न मागता मूठभर काकडं वर टाकली आणि बजावलं, "ही घातल्याबिगर करू नको."

घरी आले, काकडं धुतली, ओट्यावर ठेवली आणि साफ विसरले. चिंचेचा एवढासा कोळ घालून मोकळी झाले. तिसऱ्या घासाला नवरा म्हणाला, "घशात काहीतरी होतंय गं." पाचव्या घासाला मलाही झालं. मुलगा हुशार, त्याने आधीच वरणभातावर भागवलं होतं. ताक झालं, गूळ झाला, आमसूल चघळून झालं. आता तीन वाजून गेलेत, घसा अजून खवखवतोय आणि काकडं ओट्यावरून माझ्याकडे बघताहेत.

पाचपाखाडी | १ जून, दुपारी ३.४५

अगं बाई! पिवळं काढलंस का?

७.०४ची फास्ट | १ जून, दुपारी ३.४७

कुठलं पिवळं?

पाचपाखाडी | १ जून, संध्याकाळी ५.०२

झालं म्हणजे. आता नीट वाच. हाताला आधी तेल. शेवळाची बाहेरची पानं काढली की आत दांडा दिसतो. त्या दांड्यावर खालच्या अंगाला पिवळा, दाणेदार पट्टा असतो. तो कापून फेकायचा. खाजेचं मूळ तिथे. राहील तो भाग अगदी बारीक चिरायचा आणि तेलात परतत बसायचं. परतायला कंटाळलीस की समज अजून अर्धं काम बाकी आहे. टोपलीभर शेवळं शेवटी वाटीभर होतात. काकडं ठेचून पाण्यात कोळायची, गाळायची आणि ते पाणी भाजीत घालून पुन्हा शिजवायचं. आमच्या सीकेपी घरांत यात सोडे नाहीतर खिमा पडतो. शाकाहारी असाल तर चणाडाळ. आमच्या सासूबाई सोड्यांची करायच्या आणि "खाज आली तर मला सांगा" असं म्हणून वाढायच्या. कुणाची सांगायची छाती नव्हती, पण खरं सांगते, कधी आलीही नाही.

उरलेली काकडं फ्रीजरमध्ये टाक. टिकतात.

शाकाहारी_वाघ | १ जून, रात्री ९.२०

अळू, सुरण, शेवळ ही सगळी एकाच कुळातली भावंडं. तिघांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून अळवात चिंच, सुरणाला आमसूल, शेवळाला काकडं. ठिकाण बदललं तरी आंबट चुकत नाही. नुसतं आंबट घालूनही भागत नाही, शिजवायलाही भरपूर लागतं. शेवळाचा दुसरा गमतीचा भाग म्हणजे आधी फूल येतं आणि पान नंतर. आपण खातो ते फूल. पुढे पावसात त्याच कंदाला मोठं पान फुटतं.

आज माझं जेवण: मुगाची खिचडी, कढी, पापड. काही सांगण्यासारखं नाही.

कुडाळकार | ८ जून, दुपारी २.१५

आज जेवणाक उकड्या तांदळाची पेज, भाजलेलो सुको बांगडो आणि लिंबाचं लोणचं. बाकीचं मराठीत लिहितो, नाहीतर आमचे व्यवस्थापक भाषांतर मागतात.

१ जूनपासून बंदी लागली. यांत्रिक होड्या ३१ जुलैपर्यंत बंद, म्हणजे ६१ दिवस. मासळीचा विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं. आमच्या आईची आगोट (पावसाळ्याची बेगमी) मेच्या शेवटच्या आठवड्यातच भरून झालेली असते: सुकट, सोडे, सुके बांगडे, आमसुलं, मीठ, मिरच्या, कुळीथ. डबे कुठे आहेत ते तिलाच ठाऊक. मी काल जवळ्याचा डबा उघडायला गेलो तर म्हणाली, "आताच? अजून आषाढ लागायचा आहे." जून महिन्यात आमच्याकडे जवळ्याचं रेशनिंग चालतं.

झाडीपट्टी | २२ जून, दुपारी १.५०

भंडाऱ्याहून. आज तरोट्याची भाजी, भात, तुरीचं वरण अन् तळलेली मिरची. तरोटा म्हणजे तुमचा टाकळा. नुकत्याच पावसाने उगवलेला, चार-सहा पानांचा, तेव्हाच तोडायचा. एकदा का फुलावर आला की चिवट अन् कडू. लसूण, लाल मिरची, वरून भिजवलेली चणाडाळ. आमच्या लहानपणी आजी म्हणायची, "दिवस मावळायच्या आत तोडून आणा, मग तो झोपते." अन् खरंच, संध्याकाळी त्याची पानं मिटतात. आम्ही पोरं त्याला उठवायला काडीने हलवत बसायचो.

कुडाळकार | २२ जून, संध्याकाळी ६.३०

टाकळा! आमच्याकडे तो फणसाच्या आठळ्या घालून होतो. मे महिन्यात फणस खाऊन झाला की आठळ्या धुऊन, सुकवून, मातीत लोळवून कोपऱ्यात ठेवतात, त्या आत्ता कामाला येतात. आठळ्या ठेचून आधी शिजवायच्या, मग चिरलेला टाकळा, हिरवी मिरची, शेवटी ओल्या खोबऱ्याचा चव. आठळीचा पिठूळपणा आणि टाकळ्याचा कडवटपणा, दोघांचं जमतं.

म्हापसा_बाजार | २३ जून, सकाळी १०.०५

गोव्यात तायकिळो. आठळ्या घालूनच, हे कुडाळकारांशी एकमत. इतर बाबतीत पुढे भांडू.

७.०४ची फास्ट | २८ जून, दुपारी २.४०

टाकळ्याच्या मोहात पडून ऑफिसातून येताना रुळांच्या कडेला बघत आले. कुठे नाही म्हणता सगळीकडे टाकळाच टाकळा! उद्या पिशवी घेऊन उतरावं म्हणते.

आजचा डबा: पोळी, दोडक्याची भाजी, चटणी. दोडक्याच्या शिरांची, शेंगदाणे घालून.

पाचपाखाडी | २८ जून, दुपारी २.५५

खबरदार! रुळांकडेचं काही आणू नकोस. तिथे तणनाशक फवारतात, शिवाय गाड्यांतून काय काय पडतं ते तू रोज बघतेसच. मावशींकडून घे. दोन पैसे त्यांना मिळू देत.

उपवासाची_मिसळ | ४ जुलै, दुपारी ३.००

आज कांदेनवमी! आषाढ शुद्ध नवमी. परवा एकादशी, चातुर्मास सुरू, मग चार महिने कांदा, लसूण, वांगी बंद. म्हणून आज सगळा हिशोब चुकता. ताट असं होतं: खेकडा भजी, भरली वांगी, कांद्याचं थालीपीठ, लोणी, लसणाची चटणी आणि शेवटी दहीकांदा. संध्याकाळी घरात कुणी कुणाशी तोंड जवळ नेऊन बोलत नाहीये.

खेकडा भजीचं एकच गुपित सांगते. कांदा उभा चिरून मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायचा. त्याला पाणी सुटतं, तेवढ्याच पाण्यात मावेल इतकं बेसन घालायचं. वरून पाण्याचा थेंब नाही. मग कांद्याचे पाय तेलात पसरतात. पाणी घातलंत की ती भजी नाही, कांद्याचा वडा होतो.

शाकाहारी_वाघ | ४ जुलै, दुपारी ३.३०

तोंडाला पाणी सुटलं. इकडे पुण्यात आषाढ तळायचा म्हणून आईने कापण्या केल्यात. गव्हाचं पीठ, गुळाचं पाणी, वरून खसखस, शंकरपाळ्यासारख्या कापलेल्या पण जरा जाड. दुपारी जेवलोच नाही, कापण्याच खाल्ल्या. हे जेवणात धरायचं का?

धुळेरी | ४ जुलै, संध्याकाळी ७.१०

धरा. आमच्याकडे नियम असा आहे की तळण बसून खाल्लं तर जेवण, उभ्याने खाल्लं तर चव बघणं.

उपवासाची_मिसळ | ७ जुलै, दुपारी १.३०

जाता जाता एक आठवण. चातुर्मासात श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात डाळी वर्ज्य अशी जुनी रीत आहे. आमची आजी काटेकोर पाळायची. तेव्हा श्रावणात टाकळा, कुर्डू वगैरे काय ते बघून घ्या बुवा. आजचं ताट: साधं वरण, भात, लिंबू, काकडीची कोशिंबीर, पडवळाची भाजी.

मोखाड्याचा_मास्तर | १३ जुलै, रात्री ८.४५

बरेच दिवस नुसता वाचतोय. आज लिहितो.

दुपारी नागलीची भाकरी, कुर्डूची भाजी आणि मिरचीचा खर्डा. एवढंच.

वरच्या एका प्रतिसादातलं श्रावणात पालेभाजी वर्ज्य हे वाचून जरा थांबलो. राग नाही, पण आमच्या बाजूचं सांगतो. मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर आषाढ-श्रावण हे ओढीचे महिने. मागच्या हंगामाचा भात आणि नागली संपत आलेली, नवं धान्य हाती यायला अजून कितीतरी अवकाश. आणि नेमकं याच दिवसांत आवणीचं, म्हणजे भातलावणीचं काम, वाकून वाकून कंबर मोडणारं. पीठ कमी, मग पोट कशाने भरायचं? पाल्याने.

माझी आई डोक्यावर इरलं घेऊन बांधावर जायची. येताना ओटीत कुर्डू, कधी भारंगी, कधी फोडशी. फोडशी गवतासारखी दिसते आणि पानांच्या बेचक्यात माती घट्ट धरून बसते, एक-एक पान सोडवून धुवावं लागतं, मधला पांढरा कडक दांडा काढावा लागतो. ते काम आम्हा पोरांचं. भारंगी कडू, ती उकडून पाणी फेकायचं. मग आई दोन्ही मुठींत धरून पिळायची. हिरव्या पाण्याची धार अंगणात जायची आणि तिच्या हातात घट्ट गोळा उरायचा, मुठीचे ठसे उमटलेला. माणशी एक गोळा. त्यावर मीठ, मिरची, असला तर कांदा. तेल सणाला. भाकरी अर्धी आणि गोळा पूर्ण, असं जेवण.

तेव्हा 'रानभाजी' हा शब्द मी ऐकलाच नव्हता. भाजी म्हणजे तीच. बाजारातला कोबी आला तेव्हा त्याला वेगळं नाव लागलं, 'विकतची भाजी'.

आता ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव होतात. चांगलं आहे. बायकांना चार पैसे मिळतात, लोक विचारतात, नावं लिहून घेतात. मागे माझ्या वर्गातल्या एका पोरीला घेऊन गेलो होतो. टेबलावर पाटी होती, 'कुर्डू', आणि खाली औषधी गुणांची यादी. तिने ती पूर्ण वाचली आणि मला म्हणाली, "गुरुजी, ही तर आपली रोजची. हिला काय झालंय?"

झाडीपट्टी | १३ जुलै, रात्री ९.३०

मास्तर, नमस्कार घ्या.

अर्धवट_आंबोळी | १४ जुलै, सकाळी ९.१५

धागा जेवणाचा आहे, गंभीर चर्चेसाठी वेगळे विभाग आहेत असं नम्रपणे सुचवतो. इथे माणूस भूक लागली म्हणून येतो.

धुळेरी | १४ जुलै, सकाळी ९.४०

मास्तरांनी भुकेबद्दलच लिहिलंय हो.

उपवासाची_मिसळ | १४ जुलै, दुपारी १२.५०

मास्तर, मी वर्ज्य सांगितलं ते आमच्या घराची रीत म्हणून. पण तुमचं वाचल्यावर आजीचं स्वयंपाकघर आठवलं. तिच्या डब्यांत वर्षाची डाळ, वर्षाचे गहू, सांडगे, कुरडया, पापड. पालेभाजी सोडायला तिचं काहीच जात नव्हतं. हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

आजीची एक गडी-बाई होती, परसात टाकळा खुडायची आणि घरी न्यायची. आम्हाला वाटायचं गाईला नेते.

मोखाड्याचा_मास्तर | १४ जुलै, रात्री ८.१०

आंबोळीसाहेब, पुढल्या वेळी फक्त ताट लिहीन. एक मात्र सांगून ठेवतो, ती कुर्डू आता बांधावर पूर्वीसारखी मिळत नाही. शेतकरी मजुरी परवडत नाही म्हणून तणनाशक मारतो. त्याच्या लेखी ते तण, आमच्या लेखी जेवण. त्याचंही चुकत नाही. पण आता भाजीला डोंगरात वरपर्यंत जावं लागतं.

धुळेरी | १९ जुलै, दुपारी २.२५

आज कर्टुले! यंदाचे पहिले. पाव किलोला ८० रुपये मोजले आणि बायकोला ५० सांगितले (ती हा धागा वाचत नाही). सोबत कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.

माहिती नसलेल्यांसाठी: कर्टुलं म्हणजे अंगावर मऊ काटे असलेलं, कारल्याचं गोड स्वभावाचं भावंड. आतल्या बिया कोवळ्या असतील तरच घ्यायचं. पिवळं पडलेलं घेतलं की दाताखाली खडे. पातळ चकत्या, तेल, मोहरी, मीठ, तिखट, झाकण न ठेवता परतायचं. कडेला जरा जळकट झाली की उतरवा. मसाले घालून त्याची वाट लावणाऱ्यांचा निषेध.

म्हापसा_बाजार | १९ जुलै, दुपारी ३.१०

आमची फागलां. कापांना तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून तव्यावर. माशाच्या बंदीत ताटात 'तळलेलं काहीतरी' हवं असतं ना, त्याची जागा हीच घेतात.

झाडीपट्टी | १९ जुलै, संध्याकाळी ५.००

काटवल. एकाच फळाची तीन नावं झाली, अजून कोणी चौथं सांगा.

७.०४ची फास्ट | १९ जुलै, संध्याकाळी ५.२०

करटोली, कंटोळी. झाली पाच. मावशींकडे परवा होती, मी विचारलं वेल लावता येते का. म्हणाल्या, "एक वेल लावून काय होतंय? तिला नर लागतो." खरंच नर आणि मादी वेल वेगळे असतात म्हणे. बाल्कनीत लग्न जुळवत बसावं लागेल.

मुरबाडचा_मुठा | २४ जुलै, दुपारी ४.३०

आज दिव्याची अमावास्या. बाकीचे तिला काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरी मुठे. शेतातले काळे खेकडे, काल रात्री बॅटरी घेऊन भाऊ गेला होता.

रश्शाचं सांगतो, कारण शहरात लोक नांगे खातात आणि पाय फेकतात. फेकू नका. बारीक पाय पाट्यावर (मिक्सरमध्ये करा हवं तर) पाणी घालून वाटायचे आणि फडक्यातून गाळायचं. जे करडं पाणी निघतं तोच रश्शाचा जीव. कांदा-खोबरं भाजून केलेल्या वाटणाला उकळी आली की हे पाणी घालायचं आणि हलवत राहायचं. वर जो दाटसर फेसाळ थर जमतो, त्यासाठी आमच्याकडे भावाभावांत भांडणं होतात. सोबत तांदळाची भाकरी. बस.

मुसळधार पाऊस पडला की ओढ्याचं पाणी शेतात चढतं आणि त्याच्याबरोबर मासे वर येतात, ती वलगण. शिंगट्या, मळे, पोटात गाभोळी भरलेले. लहानपणी आम्ही टोपल्या घेऊन धावायचो. आता मी नाही धरत. अंडी घालायला निघालेला मासा वाटेत गाठायचा, मन होत नाही. काका म्हणतात मी शहरात राहून बिघडलो.

अर्धवट_आंबोळी | २४ जुलै, संध्याकाळी ६.००

हे खरं जेवण! फोटो नाही म्हणून निषेध.

उपवासाची_मिसळ | २९ जुलै, दुपारी २.००

नागपंचमी. आमच्याकडे आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून पुरणाची दिंडं. कणकेच्या पारीत पुरण, चौकोनी घडी, मोदकपात्रात वाफेवर. वरून तूप. सहा खाल्ली. आता लिहवत नाहीये.

म्हापसा_बाजार | २९ जुलै, दुपारी २.३०

आमच्याकडे पातोळ्यो. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, मध्ये गूळ-खोबरं, पान दुमडायचं आणि वाफवायचं. पान उलगडलं की पातोळीवर त्याच्या शिरांची नक्षी असते. वास मात्र सबंध घराला. आमचा शेजारी घंटी वाजवून विचारतो, "झाल्या का?"

नाना_एडिसन | ३ ऑगस्ट, सकाळी ८.१५

न्यू जर्सीतून. मी दोन महिने हा धागा सोसतोय. इकडे आज रविवार उजाडायचाय, म्हणून कालच्या दुपारचं सांगतो: घोळीची पातळ भाजी, भात.

घोळ कुठून? ड्राइव्हवेच्या भेगेतून! सिमेंटच्या फटीत जाड पानांची, लालसर देठांची घोळ पसरते. शेजारी तिच्यावर औषध मारतो. मी फक्त आमच्या बाजूची खुडतो, जिथे मी स्वतः काही मारलेलं नाही हे माहीत आहे. इथल्या शेतकरी बाजारात तीच घोळ 'पर्सलेन' म्हणून छान जुडी बांधून सॅलडसाठी विकतात. डाळ-दाण्याचं लावून, बेसन पेरून, लसणाची फोडणी. बायको म्हणाली, "लोक काय म्हणतील, जमिनीवरून उचलून खातोय." मी म्हटलं, लोकांना मी घरात शिजवतो ते कुठे दिसतं.

शेवळं मात्र पंचवीस वर्षांत खाल्ली नाहीत. पाचपाखाडी, तुमच्या त्या सोड्यांच्या भाजीचं वर्णन मी तीनदा वाचलं.

पाचपाखाडी | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ७.००

नाना, जूनमध्ये या. सगळे डिसेंबरात येता आणि मग मोसम चुकला म्हणता.

म्हापसा_बाजार | १० ऑगस्ट, दुपारी १.४५

बंदी उठली, पण आज मासे नाहीत. आज अळमी, म्हणजे अळिंबी! रानातली, वारुळावर उगवणारी, पानात बांधून विकायला येतात. मोजून घ्यायची, किलोवर नाही. भाव सांगत नाही, वडील वाचतात. शाकुती केली, भाजलेलं खोबरं, धणे, खसखस. मटणाकडे कुणी बघितलं नसतं.

झाडीपट्टी | १० ऑगस्ट, दुपारी ३.००

आमच्याकडे सात्या अन् टेकोडे. अन् बांबूचे कोंब, वास्ते. ते मात्र बारीक चिरून पाण्यात ठेवायचे, पाणी बदलायचं, उकडायचं, मगच भाजी. घाई केली की कडू जहर.

अर्धवट_आंबोळी | १० ऑगस्ट, दुपारी ३.४०

आमच्या सोसायटीच्या मागे झाडाखाली पांढऱ्या छत्र्या उगवल्यात. खाण्याच्या कशा ओळखायच्या? चांदीचं नाणं टाकून बघतात असं ऐकलंय.

झाडीपट्टी | १० ऑगस्ट, दुपारी ३.४४

भाऊ, हात लावू नका.

शाकाहारी_वाघ | १० ऑगस्ट, दुपारी ३.५०

नाण्याने काहीही कळत नाही. विषारी छत्र्या शिजवूनही विषारीच राहतात आणि काहींचा त्रास खाल्ल्यावर कित्येक तासांनी सुरू होतो, तोवर यकृताचं व्हायचं ते नुकसान झालेलं असतं. इथे विचारून, फोटो बघून, यूट्यूब बघून ओळखायची गोष्ट नाही ही.

मोखाड्याचा_मास्तर | १० ऑगस्ट, रात्री ९.००

दुजोरा. माझी आई पन्नास वर्षं रानात गेली, पण ती ठरावीक जागेवरचीच आळिंबी आणायची. वीत भर पलीकडे उगवलेली तिने कधी उचलली नाही. विचारलं तर म्हणायची, "त्या माझ्या वळखीच्या नाहीत."

आजचं ताट: काल महोत्सव झाला, त्यातली उरलेली भारंगी, वाल घालून. यंदा पाट्या नव्हत्या. भाजीमागे बसलेल्या बाईनेच तोंडाने सांगायचं असं ठरवलं होतं. एकीने गिऱ्हाइकाला सांगितलं, "औषध म्हणून नको, भाकरीसंगं खा."

कुडाळकार | १६ ऑगस्ट, दुपारी २.३०

काल अष्टमी. शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्यो, काळ्या वाटाण्याचं सांबारं. पाला काल सकाळीच झाड हलवून पाडला, भिजलो नखशिखांत. आज तेच शिळं, आणि शिळी आंबोळी ताजीपेक्षा बरी लागते हे मी कुणाच्या तोंडावर सांगायला तयार आहे. (अर्धवट_आंबोळी या आयडीला उद्देशून नाही.)

उपवासाची_मिसळ | २८ ऑगस्ट, दुपारी ३.१५

ऋषीची भाजी. ज्या पिकाला बैलाचे कष्ट लागलेले नाहीत तेवढंच आजच्या ताटात. अळू, लाल माठाचे देठ, सुरण, लाल भोपळा, शिराळं, भेंडी, पडवळ, मक्याचं कणीस आणि आंबटाला अंबाडी. फोडणी नाही. सगळं एका पातेल्यात, मंद आचेवर. वर ओलं खोबरं. इतक्या साध्या भाजीला इतकी चव कुठून येते, दरवर्षी विचारते.

मास्तर, श्रावण संपला, पण सांगते. यंदा मी नेम पाळला नाही. तीनदा कुर्डू केली. पहिल्या वेळी पिळताना फार जोर लावला, चोथा झाला.

मोखाड्याचा_मास्तर | २८ ऑगस्ट, रात्री ८.२०

कोवळी कुर्डू पिळायची गरज नसते ताई. नुसती लसणावर परता. पिळायची ती भारंगी.

७.०४ची फास्ट | ३१ ऑगस्ट, दुपारी ४.००

आज गौरी आल्या. आमच्याकडे तेरड्याच्या. नैवेद्याला भाजी-भाकरी: तांदळाची भाकरी, माठाची भाजी, अळूचं फदफदं. फदफद्यात चिंच भरपूर, शिकले एकदाची.

तेरडा आणायला सकाळी स्टेशनबाहेर गेले तर त्याच जागेवर त्याच मावशी. भाज्यांचा कागद गेला होता, त्या जागी मुळांसकट तेरड्याच्या जुड्या, ओल्या मातीच्या. जूनमधली गोष्ट मी त्यांना आज कबूल केली, काकडं न घातल्याची. आधी काही बोलल्याच नाहीत. मग शेजारच्या बाईला म्हणाल्या, "ही बघ, घसा धरून बसलेली." दोघी हसत सुटल्या. जुडीचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

शेवळं परत कधी, विचारलं. तेरड्यावर पाणी शिंपडत म्हणाल्या, "पाऊस आला की. आदी कशी येतील?"

नाना_एडिसन | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

आणि ती ओट्यावरची काकडं? त्यांचं काय झालं?

७.०४ची फास्ट | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४५

फ्रीजरमध्ये आहेत, मटारच्या पिशवीखाली. जूनचं तिकीट काढलंत तर ठेवते.